छप्पर आणि कागद

आमच्या डोंगरावर घर विकत घ्यायचं असतं ही कल्पनाच फार उशिरा आली. मीठ विकत घ्यायचं, लुगडं विकत घ्यायचं, फार तर बैल. घर बांधायचं, दर साली शाकारायचं, भावाभावांत वाटून घ्यायचं आणि वेळ आली की सोडून मुंबईला जायचं. त्यामुळे पुतणीनं पहिलं घर म्हणून वाईला टू बीएचके बघायला घेतला आणि 32 लाख ही रक्कम सांगितली, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. थोरली आत्या नव्वदीकडं झुकलेली. तिनं एकच विचारलं, "एवढ्या पैशात डोंगुर बी येतोय का त्याच्यासंगं?"

मग 'आमच्या वेळी' सुरू झालं. त्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय. या खेपेला मात्र मनात तीन प्रश्न ठेवून ऐकल्या. कुणाला घर कितीला पडलं? ते त्याचं आहे हे कोण सांगत होतं? आणि घराकडून त्यानं मागितलं काय? ही उत्तरं एकापुढं एक मांडली की महाबळेश्वरचा दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो, आणि 'हल्लीच्या पोरांच्या अपेक्षाच फार' या तक्रारीचंही काय ते कळून येतं.

आत्याला ठाऊक नाही, पण या डोंगराचा सौदा खरोखर झालेला आहे. 1824 साली कर्नल लॉडविक साताऱ्याकडून इथं चढून आला आणि हवेवर खूश होऊन परतला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं ती गोष्ट मनावर घेतली. 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला: महाराजांनी इथली जागा द्यायची आणि कंपनी सरकारनं बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव द्यायचं. माल्कमच्या नावानं माल्कम पेठ वसली. पुढं साताऱ्याच्याच आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये वेण्णा तलाव बांधून घेतला, गव्हर्नरची उन्हाळी राजधानी इथं आली आणि रानात प्लॉट पडले. जमीन सरकारची, बंगला साहेबाचा आणि मधे भाडेपट्टा, ही इथल्या घरांची पहिली रीत. घर कुणाचं, याचं उत्तर कागदावर सापडू लागलं ते तेव्हापासून.

ज्यांच्या अंगमेहनतीवर हा डोंगर राहण्याजोगा झाला त्यांचं नाव त्या कागदांवर कुठंच नव्हतं. 1834 पासून तीसेक वर्षं इथं तुरुंग होता आणि त्यात सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी होते. त्यांनी रस्ते केले, बटाटा आणि विलायती भाज्या लावल्या, वेताचं काम शिकवलं. 1864 मध्ये तुरुंग मोडला. त्यांच्याही आधीपासून इथं कोळी, कुळवाडी, धनगर होते. इथल्या दगडातून लोखंड गाळणारे धावड होते. त्यांच्या भट्ट्या कोळशापायी रान खातात म्हणून सरकारनं त्या बंद पाडल्या. या सगळ्यांना घरं होती, छपरं होती. कागद मात्र नव्हते.

आमचे आजोबा एका बंगल्याचे माळी. नंतर तेच राखणदारही झाले. मालक मुंबईचे शेठ. बंगल्यामागं दोन खोल्या होत्या, त्यांना आऊटहाऊस म्हणत. माझं बरंचसं लहानपण तिथं गेलं. एप्रिल-मेमध्ये गाड्या यायच्या, गाद्या उन्हात पडायच्या, आम्हा पोरांना पुढच्या अंगणात जायची बंदी व्हायची. मृग तोंडावर आला की मंडळी खाली उतरायची आणि किल्ल्यांचा जुडगा आजोबांच्या कमरेला यायचा. पुढं दिवाळीपर्यंत त्या आठ-दहा खोल्यांच्या घरात आमच्याशिवाय कुणी नसायचं.

पावसात भिंतींना बुरशी धरू नये म्हणून आजोबा एक दिवसाआड दिवाणखान्यातली शेकोटी पेटवत. ओली लाकडं धुमसत राहायची. जाळ धरेपर्यंत ते उभे राहत आणि धरल्यावरही उभेच राहत. आजी उंबऱ्याशी जमिनीवर बसून लसूण सोलायची. भोवती वेताच्या खुर्च्या, त्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या. मी एकदा एका खुर्चीवर चढून बसलो तर आजोबांनी मारलं नाही, फक्त म्हणाले, "उठ. सवय लागंल." शेकोटी विझत आली की आम्ही मागं आमच्या खोलीत यायचो. तिथं कौलांतून गळायचं आणि निखाऱ्यांवर बांबूचं डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळत घातलेले असायचे. आजोबा थकले तसं त्या खोल्या नव्या माळ्यासाठी रिकाम्या करून द्याव्या लागल्या. त्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. आमच्याजवळ दाखवायला कागद नव्हता आणि मागायचा असतो हेही कुणाला सुचलं नव्हतं.

आजीचं खरं घर तापोळ्याकडच्या उतारावर, गावात. त्याबद्दल ती पदर सावरून सांगायची: "एक रुपाया लागला न्हाई." खरंच होतं ते. वाशे जांभळीचे, पाण्यात न कुजणारे. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या. वर गवत. सगळं रानातलं. बांधायला भावकी. इर्जिक घातली की माणसं यायची, आमटी-भात आणि गूळ खाऊन दिवसभर खपायची. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या डोंगरावर घराकडून एकच मागणं असे, की आत कोरडं असावं. उजेडाची अपेक्षा नव्हती. वैशाखात पश्चिमेच्या भिंती जोत्यापर्यंत गवतानं गुंडाळून टाकायचे. मग चार महिने आत दिवसाही काळोख आणि चुलीचा धूर. आजीचे डोळे त्यानंच गेले असं आई म्हणायची.

पण 'रुपाया लागला न्हाई' हे ऐकताना बाकीच्या गोष्टीही ऐकाव्या लागतात. दर वैशाखात छप्पर उतरवायचं, कुजकं गवत काढायचं, नवं चढवायचं. आपल्याकडं वीस माणसं आली तर त्या वीसही घरी आपण जायचं. बाळंतीण असो, तापात असो, घरातलं एक माणूस जायलाच हवं. भावकीशी भांडण करायची सोय नव्हती. एका चुलत आज्याचं बांधावरून वाजलं आणि त्याच्या इर्जिकीला माणूस फिरकलं नाही. त्यानं आणि त्याच्या बायकोनं दोघांनी मिळून शाकारलं, ते श्रावणात उडालं आणि पुढच्या साली ते कुटुंब मुंबईला गेलं. आजीच्या घरालाही हप्ता होता. तो तिनं आयुष्यभर दर उन्हाळ्यात अंगमेहनतीनं आणि भावकीशी गोड राहून फेडला. तो कुठं लिहिला जात नव्हता, म्हणून तिला तो कधी दिसला नाही.

थोरली आत्या कोयनेच्या खोऱ्यात दिली होती. तिचं सासर म्हणजे दगडी जोतं, माडी, पुढं भाताची खाचरं. आमच्या कुडाच्या घरातून गेलेल्या पोरीला तो वाडाच वाटला असणार. 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं. साहेब लोक फिती घेऊन आले, घराची लांबी-रुंदी मोजली, दारं-खिडक्या मोजल्या, परसातली झाडं मोजली. मग नोटीस आली. "आमच्या घराचा पैला कागद आला," आत्या सांगते, "त्यो बुडवायला आला." पिढ्यान्पिढ्या उभ्या असलेल्या घराची किंमत पहिल्यांदा ठरली ती ते नाहीसं करताना. 1960 च्या दशकात धरणाचा शिवसागर जलाशय भरला. खोऱ्यातली माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. आत्याचं घर थोडं वर सरकून पुन्हा उभं राहिलं, तर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपानं त्याच्या भिंती उलल्या. त्यानंतर तिनं आयुष्यभर पत्र्याच्या छपराखालीच झोपायचा हट्ट धरला. दगडी माडीची तिची हौस तिथं संपली. अपेक्षा वाढतातच असं नाही. भ्यायलेलं माणूस त्या कमीही करतं.

धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते मुंबईच्या वाटेनं गेले. माझगावात गावचा गाळा होता: गावकऱ्यांनी वर्गणी काढून पागडीनं घेतलेली एक खोली. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, त्याखाली ओळीनं ट्रंका, वर खुंट्या. एक खुंटी म्हणजे एक माणूस. रात्रपाळीची माणसं उठली की दिवसपाळीची त्याच वळकट्यांवर आडवी व्हायची. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळं भाडं जवळजवळ गोठलेलं, त्यामुळं महिन्याचं ओझं फार नव्हतं. पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळं नवी खोली मिळायची तर पागडी मोजायची, आणि एकट्या हमालाजवळ ती कुठली? म्हणून खोली गावाची. तिथं बायकोला आणता येत नव्हतं. काकू वीसेक वर्षं गावी राहिली. शहरातलं स्वस्त घर तात्यांना परवडलं ते तिच्या वेगळं राहण्यावर.

तात्या मशीद बंदरला पोती उचलायचे. मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हातून, रोख. आज आहे, उद्या नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून 1969 मध्ये माथाडी कायदा आला, मंडळं झाली आणि तात्यांच्या हमालीची नोंद होऊ लागली. हजेरी, पगार, भविष्यनिर्वाह निधी, सगळं लेखी. तात्या म्हणतात ते मला फार मोलाचं वाटतं: "पाठ तीच हुती, पोतं बी त्येच हुतं. कागुद आला आन् मी मानूस झालो." घाऊक बाजार नव्या मुंबईत गेला आणि सिडकोनं कोपरखैरणे, घणसोलीकडं माथाडींसाठी घरं दिली. तात्यांचं घर बैठं, एवढंसं, स्वतःच्या दाराचं. काकू तिथं आली तेव्हा मोठी मुलगी दहावीत होती. आमच्या कुळात घर विकत घेणारा पहिला माणूस तो. हप्ते फेडून झाल्याचा दाखला त्यांनी गणपतीच्या फोटोमागं ठेवला, तो अजून तिथंच आहे.

इकडं डोंगरावर काय झालं? बंगले जाऊन हॉटेलं आली, मुंबई-पुण्याच्या गाड्या वाढल्या. शेतात स्ट्रॉबेरी आली आणि बऱ्याच घरांत पहिल्यांदा चार पैसे एकदम हातात पडले. गवत गेलं, पत्रा आला, पत्रा गेला, स्लॅब पडला. आणि स्लॅब पडल्याबरोबर पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन घरची माणसं मागं सरकली. भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा लोकांनी आपल्या बैठकीच्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. ती आतिथ्याची गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण सीझनमध्ये जी घरं सगळा दर्शनी भाग भाड्यानं देतात तिथं दहावीतली पोर अभ्यासाला कुठं बसते, हेही मी पाहिलंय. आजोबांच्या आऊटहाऊसमध्ये आणि या मागच्या खोलीत फरक एवढाच, की या वेळी बंगल्याचे मालकही आपणच.

जागा मात्र वाढणार नव्हती. 17 जानेवारी 2001 रोजी केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे 124 चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडं, उतार, उंची, शेतजमिनीचा वापर, सगळ्यावर बंधनं आली. ती यायलाच हवी होती. डोंगर फोडून हॉटेलं उठत होती. पण कुठंही पुरवठा आखडला की उरलेली वीट सोन्याची होते, आणि सोनं घेणारा बाहेरून येतो. शेती घ्यायला शेतकरी असावं लागतं, तरी तसा शेतकरी पुण्या-मुंबईत मिळतो. 2011 च्या जनगणनेत महाबळेश्वर शहराची वस्ती तेरा हजारांच्या आसपास होती. त्या मानानं इथं खोल्या किती, आणि त्यांतल्या राहत्या किती, हे साबणे रोडवरून पावसाळ्यात चालत गेलं तरी कळतं. रांजणवाडीत, गवळी मोहल्ल्यात एकेका खोलीत दोन-दोन संसार आणि वर रानात कुलूप लावलेले बंगले.

म्हणून आमची पोरं घर शोधायला घाट उतरतात. पाचगणी ओलांडली, पसरणीचा घाट उतरला की वाई. पुतणी पाचगणीच्या एका निवासी शाळेत हिशेब बघते, तिचा नवरा टुरिस्ट टॅक्सी चालवतो. तिच्याबरोबर मी साइटवर गेलो. बिल्डरचा माणूस बाल्कनीतून दिसणारा डोंगर दाखवत होता. ही त्याच्याकडं पाठ करून भिंतीवरचा नकाशा वाचत होती. "कार्पेट किती ते सांगा. रेराचा नंबर? पूर्णत्वाचा दाखला कधी? पाण्याचं कनेक्शन नगरपालिकेचं की टँकर?" तो गडबडला. मला ऐकायला बरं वाटलं. मे 2017 पासून महारेरा आलं, कार्पेट सांगणं सक्तीचं झालं, हे तिला पाठ होतं. तिनं स्वतंत्र न्हाणीघर मागितलं, लिफ्ट मागितली, कारण सासूचे गुडघे गेलेत. आणि पोरीला बसायला खिडकीजवळ टेबल मावेल एवढी जागा. फोनवर ऐकताना तात्या म्हणाले, "नखरे वाढले." मला त्यात एकही नखरा सापडला नाही. धूर, काळोख, गळकी कौलं, खुंटीएवढी जागा, नवऱ्यापासून वेगळं राहणं, यांतलं जे जे आधीच्या बायकांनी सोसलं ते ते तिनं यादीतून काढून टाकलं होतं, इतकंच.

बँकेत खरी गंमत झाली. तिची पगाराची चिठ्ठी साहेबांनी लगेच घेतली. नवऱ्याची कमाई सीझनला तिच्याहून जास्त, पण रोख. आयकराची विवरणपत्रं नियमित भरलेली नाहीत, म्हणजे बँकेच्या लेखी तो जवळजवळ बेकार. घोडेवाला, स्ट्रॉबेरीवाला, खोल्या देणारा, सगळा डोंगर असाच आहे: हाताला काम आहे, कागदाला नाही. तात्यांच्या मुकादमाचा जमाना आमच्याकडं अजून पुरता संपलेला नाही. शेवटी 25 लाखांचं कर्ज तिच्या एकटीच्या पगारावर बेतलं. वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांनी हप्ता 21,700 च्या आसपास. फेडून होईतो 52 लाख जातील. उरलेले सात लाख आणि मुद्रांकाचे पैसे यात दोघांची बचत गेली, तिचं थोडं सोनं गेलं आणि तात्यांनी न बोलता दोन लाख पाठवले.

खरेदी तिच्या एकटीच्या नावावर केली, कारण 2021 पासून महिलेच्या नावानं घर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. टक्क्यासाठी का होईना, आमच्या घराण्यात बाईच्या नावावर पहिल्यांदा घर झालं. आजीचं नाव कुठंच नव्हतं. आत्याच्या नुकसानभरपाईवर सासऱ्याचं होतं. काकूचं नाव तात्यांच्या कागदावर वारस म्हणून होतं. शिवाय प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा 2024 पासून दुसरा टप्पा सुरू आहे. 35 लाखांपर्यंतचं घर, 25 लाखांपर्यंतचं कर्ज, वर्षाचं उत्पन्न नऊ लाखांच्या आत असेल तर व्याजात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांची मदत. त्यासाठी तिनं लिहून दिलं की आपल्या कुटुंबाच्या मालकीचं देशात कुठंही पक्कं घर नाही. दोनशे वर्षं ज्या डोंगरावर दुसऱ्यांच्या घरांची राखण केली, त्या डोंगरावरच्या माणसांना हे लिहून द्यायला फार विचार करावा लागत नाही.

आत्याला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं हप्त्याचं ऐकून घेतलं, लिफ्टला मान हलवली आणि विचारलं, "गळलं तर कुणाला बोलवायचं?"

"सोसायटीला, आज्जी. सगळे मिळून महिन्याला पैसे काढतो, त्यातून दुरुस्ती होते."

"आन् एकादा न्हाई दिलं तर?"

"भांडणं होतात."

"म्हंजी भावकीच की," आत्या म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तिचं म्हणणं खरं आहे, पण भावकीतली माणसं तरी गावात असायची. पुतणीच्या इमारतीतले बरेच फ्लॅट पुण्याच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेत. ते पैसे वेळेवर भरतात आणि सभेला कुणी येत नाही. डोंगरावर जे झालं ते हळूहळू घाट उतरून खाली येतंय. वर तर आता 'नवीन महाबळेश्वर' या सरकारी पर्यटन प्रकल्पाचा आराखडा आहे, त्यात पहिल्या टप्प्याची 235 गावं, त्यांत आत्याच्या खोऱ्यातलीही आहेत. 2024 मध्ये कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमीनखरेदीची बातमी राज्यभर गाजली, तेव्हा रस्ता यायच्या आधी गिऱ्हाईक येतं हे सगळ्यांना दिसलंच. पर्यटन आलं की रोजगार येईल, याला माझा विरोध नाही. पण त्या रोजगारावर पोट भरणाऱ्यानं झोपायचं कुठं, हे आराखड्यात आधी यावं. गावठाणाची नैसर्गिक वाढ, स्थानिक नोकरदारांसाठी म्हाडाची किंवा नगरपालिकेची भाड्याची घरं, सीझनी कमाईची नोंद धरणारी कर्जं, यांतलं काहीच अशक्य नाही. माथाड्यांसाठी पन्नास वर्षांपूर्वी याहून अवघड काम झालं.

आणि घरं किती झाली याची मोजणी मे महिन्यात करू नये, तेव्हा सगळीच भरलेली असतात. ती जुलैत करावी. दरडी कोसळत असताना, वीज गेलेली असताना, ज्या घरात माणूस असेल ते एक घर धरावं. बाकीच्यांना इमारती म्हणावं.